थीसिसमधले तक्ते: किती पैसे आणि कशाचे पैसे

बंगळुरूत जे. पी. नगरच्या पहिल्या फेजमध्ये आर. व्ही. डेंटल कॉलेज, शेजारच्या जयनगरात चौथ्या टी ब्लॉकला राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ, पलीकडे कुमारस्वामी लेआउटला दयानंद सागर, बन्नेरघट्टा रस्त्यावर आयआयएम. शिक्षणसंस्थांची एवढी दाटी असली की झेरॉक्स, डीटीपी, स्पायरल बाइंडिंग आणि ‘थीसिस वर्क’च्या पाट्याही ओघानेच येतात. सोलापूर, लातूर, बेळगावहून एमडी, एमडीएस, एमटेक किंवा पीएचडीसाठी इथे आलेली मराठी मुलेमुली शेवटच्या वर्षी या पाट्यांपाशी पोचतात. मजकूर लिहून झालेला असतो, आकडे हातात असतात. अडतात ते तक्ते. एक तक्ता पानाबाहेर जातो, दुसरा मधोमध तुटतो, तिसऱ्याचा क्रमांक अनुक्रमणिकेशी जुळत नाही. मग दुकानदार एक रक्कम सांगतो आणि ती जास्त की वाजवी हे कळायला मार्ग नसतो.

हा मजकूर त्यांच्यासाठी आणि लांबून पैसे पाठवणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. माझे म्हणणे एकच आहे: तक्ता देखणा करण्यासाठी पैसे देऊ नका, तो दुरुस्तीनंतरही शाबूत राहील असा बांधून घेण्यासाठी द्या. गाइडने दोन तक्ते वाढवायला सांगितले, एक गाळायला सांगितला, की पहिल्या खेपेचे देखणेपण कोसळते आणि तेच काम पुन्हा पैसे देऊन करावे लागते. खिसा रिकामा होतो तो या दुसऱ्या खेपेत.

शेवटचे पान कोण लावणार?

खर्च ठरवण्याआधी हा प्रश्न विचारा. प्रबंधात शेवटचे पान तुमचेच असते. जे छापाल तेच बांधले जाते, तेच परीक्षकांकडे जाते आणि पीएचडी असेल तर तीच फाइल शोधगंगा या प्रबंधसंग्रहात चढते. इथे तक्त्यांवर पैसे खर्च करणे समजण्यासारखे आहे.

परिषदेच्या पेपरचेही बहुधा तसेच. आयईईईच्या दोन स्तंभांच्या साच्यात एका स्तंभाची रुंदी साधारण साडेतीन इंच असते. तक्त्याला रोमन क्रमांक लागतो आणि शीर्षक वर येते. तुम्ही पाठवलेली फाइल जशीच्या तशी छापली जाणार असेल तर माप चुकवून चालत नाही. साचा मात्र फुकट मिळतो. तो उतरवून घ्या आणि त्यातच लिहा.

जर्नलची गोष्ट वेगळी, आणि लोक विनाकारण पैसे घालवतात ते इथेच. लेख स्वीकारला गेल्यावर मोठे प्रकाशक तक्ते स्वतः नव्याने जुळवतात. पाश्चात्त्य प्रकाशकांचे हे जुळणीचे काम वर्षानुवर्षे याच बंगळुरूत, चेन्नईत आणि पुदुच्चेरीत होत आले आहे. तुम्ही केलेली रंगीत पट्टी आणि जाड चौकट तिथला माणूस पहिल्याच फटक्यात काढून टाकतो. एल्सव्हियर तक्ता चित्राच्या रूपात नको, दुरुस्त करता येईल असा द्या म्हणते आणि उभ्या रेघा व छटा टाळायला सांगते. स्प्रिंगरला वर्डमधल्या टेबल सुविधेने केलेला तक्ता हवा असतो, एक्सेलची शीट नको असते. एल्सव्हियरच्या बऱ्याच जर्नलांत पहिल्या खेपेला ठरावीक साच्याचा आग्रहही नसतो. तेव्हा जर्नलसाठी साधा, स्वच्छ तक्ता पुरे. सजावटीला शून्य रुपये.

मुंबईच्या कॅक्टस कम्युनिकेशन्सची एडिटेज आणि क्रिमसनची एनागो यांसारख्या सेवा घेणार असाल तर भाषा-संपादन आणि फॉरमॅटिंग ही दोन वेगळी कामे आहेत हे लक्षात ठेवा. दरपत्रक मागताना तक्त्यातले शब्द मोजणीत धरले आहेत का आणि फॉरमॅटिंग त्याच रकमेत आहे का, हे दोन्ही ईमेलवर विचारून घ्या. तोंडी होकाराचा उपयोग नाही.

एक तक्ता जवळून

दोन गटांत प्रत्येकी 30 रुग्ण आहेत असे धरू. एसपीएसएस या सांख्यिकी आज्ञावलीतून उचललेला तक्ता वर्डमध्ये चिकटवला की साधारण असा दिसतो: चारी बाजूंनी रेघा, प्रत्येक घरात टक्क्याचे चिन्ह, काही आकडे डावीकडे तर काही मधोमध, शेवटच्या स्तंभात ‘.000’ आणि अक्षर बाकीच्या प्रबंधापेक्षा वेगळे.

आता तो सुधारू. उभ्या रेघा सगळ्या काढा. आडव्या तीनच ठेवा: शीर्षओळीच्या वर, तिच्या खाली आणि तक्ता संपतो तिथे. एपीए या लेखनशैलीच्या सातव्या आवृत्तीची शिकवण हीच आहे. त्या पद्धतीत तक्त्याचा क्रमांक ठळक आणि त्याखालच्या ओळीत शीर्षक तिरप्या अक्षरात येते; टिपा तळाशी. वैद्यकीय लेखनातही शीर्षक वर आणि खुलासा खाली हीच चाल आहे. टक्क्याचे चिन्ह स्तंभाच्या डोक्यावर एकदाच लिहा, म्हणजे घरात फक्त 8 (26.7), 12 (40.0), 10 (33.3) उरते. तिन्ही संख्यांची बेरीज 30 आणि टक्क्यांची 100 भरते का हे जागीच पाहून घ्या. ‘.000’ च्या जागी ‘< 0.001’ लिहा, कारण संभाव्यता शून्य कधीच नसते. आज्ञावली तीन दशांशांवर थांबली एवढाच त्याचा अर्थ. संक्षेपांचे पूर्ण रूप तळटिपेत द्या. तक्त्याच्या आत ओळींमधले अंतर एकेरी ठेवा, बाहेरचा मजकूर दीडपट असला तरी.

आकडे दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह असे उभे रांगेत यायला हवेत. त्यासाठी स्पेसबार दाबत बसू नका. स्तंभ निवडा, आकडे डावीकडे संरेखित ठेवा आणि वरच्या पट्टीवर डेसिमल टॅब लावा. तक्त्याच्या घरात हा टॅब आपोआप काम करतो, टॅबची कळही दाबावी लागत नाही. कोणी स्पेसबारने जुळवलेले आकडे ‘फॉरमॅट’ म्हणून देत असेल तर ते काम झालेले नाही असे समजा. फॉन्ट बदलला की सगळी रांग हलते.

एवढे काम सवयीच्या माणसाला दहा मिनिटांचे आहे. बांधणीचा भाग यानंतर सुरू होतो.

काम घेताना काय तपासायचे

फाइल दुकानातच उघडून घ्या, दुकानदाराच्या समोर. ‘तक्ता 7’ मधल्या 7 वर क्लिक करा. आकड्यामागे करडी छटा आली तर तो क्रमांक आपोआप बदलणारा आहे. रेफरन्सेस टॅबमधल्या इन्सर्ट कॅप्शनने तो घातलेला आहे. छटा आली नाही तर बहुधा हाताने टाइप केला आहे. मग पूर्ण फाइल निवडून एफ9 दाबा. क्रमांक, मजकुरातले ‘पहा तक्ता 12’ असे उल्लेख आणि सुरुवातीची तक्त्यांची यादी यांनी नव्याने हिशेब जुळवायला हवा. कुठे ‘एरर’ उमटला तर ती जागा तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

पुढची परीक्षा अधिक कडक. फाइलची एक प्रत करा, तिसरा तक्ता शीर्षकासह उडवा आणि पुन्हा एफ9. चौथा तक्ता तिसरा झाला आणि यादीतही तसाच आला तर काम पक्के. न झाल्यास उरलेले पैसे देऊ नका.

दोन पाने व्यापणाऱ्या तक्त्याची शीर्षओळ दुसऱ्या पानावर आपोआप आली पाहिजे. वर्डमध्ये ‘रिपीट हेडर रोज’ याचसाठी आहे. काही जण शीर्षओळ कॉपी करून दुसऱ्या पानाच्या डोक्यावर चिकटवतात. वर दोन ओळी वाढल्या की ती ओळ पानाच्या मध्यात येऊन बसते. तक्त्याभोवती मजकूर वाहण्याची सोय चालू असेल तर ही पुनरावृत्ती नीट चालत नाही, तेव्हा ती बंद करून घ्या. एकच ओळ दोन पानांत फाटू नये म्हणून ‘अलाव रो टु ब्रेक अक्रॉस पेजेस’ची खूण काढावी, आणि शीर्षक एका पानावर, तक्ता दुसऱ्यावर असे होऊ नये म्हणून शीर्षकाला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावावे.

रुंदीचा हिशेब स्वतः करा. ए4 कागद 210 मिमी रुंद. बांधणीसाठी डावीकडे 38 आणि उजवीकडे 25 मिमी सोडले तर तक्त्याला 147 मिमी उरतात. आठ स्तंभ असतील तर प्रत्येकी सरासरी 18 मिमी, आणि त्यात ‘12 (40.0)’ दहा पॉइंटात कसाबसा बसतो. याहून जास्त स्तंभ असतील तर अक्षर सहा पॉइंटांवर नेऊ नका. तक्ता दोन भागांत तोडा किंवा ते पान आडवे करा. आडव्या पानासाठी आधी आणि नंतर सेक्शन ब्रेक लागतो. बांधल्यावर तक्त्याचा माथा शिवणीकडे यावा. पान-क्रमांक कुठे छापायचा हे विद्यापीठाच्या नियमावलीत पाहून दुकानदाराला लेखी द्या, त्याच्या अंदाजावर सोडू नका.

दराचा हिशेब

दर चार प्रकारे सांगितला जातो: पानावर, तक्त्यावर, तासावर किंवा ठोक. पानावरचा दर सोपा वाटतो, पण 120 पानांच्या प्रबंधात तक्ते असतात 40 पानांवर. उरलेल्या 80 पानांच्या साध्या मजकुरालाही तोच दर लागतो. त्यापेक्षा मजकुराची शैली आपण लावावी आणि तक्त्यांचे काम तेवढे वेगळे द्यावे. ठोक रक्कम घ्यायची तर किती दुरुस्त्या त्यात धरल्या आहेत हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

रक्कम वाजवी आहे का हे तासांवरून काढता येते. समजा 40 तक्ते आहेत. 25 साधे, प्रत्येकी 10 मिनिटे: 250 मिनिटे. 12 मध्यम, प्रत्येकी 25: 300. तीन मोठे, पानभर पसरलेले, प्रत्येकी एक तास: 180. झाली 730 मिनिटे, म्हणजे बारा तासांहून थोडी जास्त. क्रमांक, यादी आणि मजकुरातले उल्लेख जोडायला दोन तास धरा. एकूण 14 तास. आता त्यात समोरच्याने सांगितलेला तासाचा दर घाला. 250 रुपये असेल तर 3,500. 400 असेल तर 5,600. त्याची ठोक रक्कम या हिशेबाच्या दुप्पट निघाली तर कारण विचारा. निम्मी निघाली तरीही विचारा, कारण मग क्रमांक हाताने टाकले जाण्याची शक्यता मोठी.

बिलात जीएसटी लावला असेल तर या सेवेला तो 18 टक्के आहे, म्हणजे 5,600 चे 6,608 होतील. वर्षाला 20 लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या सेवादात्याला साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते, आणि ज्याच्याकडे जीएसटी क्रमांक नाही त्याला हा कर तुमच्याकडून वसूल करता येत नाही. बिलावर क्रमांक छापलेला आहे का ते पाहा.

संपूर्ण काम देण्याआधी एक मध्यम आणि एक मोठा तक्ता नमुन्यादाखल करून घ्या आणि त्याचे पैसे द्या. फुकट नमुना मागू नये. समोरचाही पोटासाठीच बसलेला असतो. नमुना पसंत पडला की मग घासाघीस. कन्नडमध्ये ‘स्वल्प कडिमे माडी’ एवढे म्हणता आले तरी बोलणे मोकळे होते.

वेळेचा भाव वेगळा असतो. वैद्यकीय पदव्युत्तर प्रबंध अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी द्यावा लागतो, म्हणजे एका तुकडीची सगळी मुले एकाच पंधरवड्यात दुकानांत पोचतात. तेव्हा ‘अर्जंट’चा आकार लागतो आणि काम घाईत होते. निष्कर्षांचे प्रकरण लिहून झाले की लगेच तक्ते बांधायला घ्या. चर्चेचे प्रकरण मागून येऊ द्या.

घरी केले तर

वर्डची वर्गणी घेण्याआधी कॉलेजच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्टची शैक्षणिक आवृत्ती मिळते का ते पाहा. बऱ्याच संस्थांनी ती घेतलेली असते आणि विद्यार्थ्याला फुकट असते. वैयक्तिक वार्षिक वर्गणी 2025 च्या वाढीनंतर सात हजारांच्या घरात गेली आहे, आणि एका प्रबंधासाठी ती घेणे मला पटत नाही. लिबरऑफिस पूर्ण मोफत आहे. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेला हा प्रकल्प. त्यात कॅप्शन, तक्त्यांची यादी, शीर्षओळीची पुनरावृत्ती सगळे आहे. अडचण एवढीच की गाइड वर्ड वापरत असतील आणि फाइल मागेपुढे जात राहिली तर तक्त्यांच्या रुंदीत फरक पडतो. दोघांनी एकच आज्ञावली ठरवून घ्यावी. गूगल डॉक्स लिहायला आणि गाइडच्या सूचना घ्यायला उत्तम, पण तक्त्यांचे स्वयंक्रमांक आणि यादी यांत ते प्रबंधासाठी कमी पडते.

खरी बचत याच्याही आधी होते. जामोवी आणि जास्प या दोन मोफत सांख्यिकी आज्ञावल्या एपीएच्या वळणाचे तक्ते देतात, आणि ते कॉपी करून वर्डमध्ये नेले तर रेघा काढण्याचे निम्मे काम वाचते. एसपीएसएस वापरत असाल तर त्याच्या टेबललुक्समधून आधीच साधा साचा निवडा. आर ही आज्ञावली येणाऱ्यांनी जीटीसमरी आणि फ्लेक्सटेबल वापरून तक्ता थेट वर्डमध्ये उतरवावा. मग रुग्णसंख्या 58 ची 60 झाली तरी हाताने एक आकडा बदलावा लागत नाही.

अभियांत्रिकी आणि गणिताच्या मुलांना लाटेक येत असेल तर बुकटॅब्सने निघणारे तक्ते वर्डपेक्षा देखणे असतात आणि खर्च काहीच नाही. पण केवळ तक्त्यांसाठी शेवटच्या महिन्यात लाटेक शिकायला बसू नये.

वर्डमध्येच करायचे ठरवले तर पहिला तक्ता मन लावून करा आणि त्याची टेबल स्टाइल म्हणून नोंद करा. पुढच्या प्रत्येक तक्त्याला ती एका क्लिकमध्ये लागते. एक्सेलमधून आणताना ‘यूज डेस्टिनेशन स्टाइल्स’ निवडा, नाहीतर एक्सेलचा फॉन्ट सोबत येतो. मराठीत प्रबंध असेल तर देवनागरीचा आकार फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’खाली वेगळा ठरवावा लागतो, नाहीतर एका घरात इंग्रजी आकडे दहा पॉइंटांचे आणि मराठी शब्द बारा पॉइंटांचे राहतात.

मास्टर चार्ट हे सर्वांत महागडे प्रकरण. वैद्यकीय प्रबंधाच्या शेवटी प्रत्येक रुग्णाची एक ओळ असलेला हा तक्ता तीस-तीस स्तंभांचा असतो आणि दुकानदार त्याचे पैसे वेगळे लावतो. तो वर्डमध्ये आणूच नका. एक्सेलमध्येच पान आडवे करा, सगळे स्तंभ एका पानाच्या रुंदीत बसवा, ‘प्रिंट टायटल्स’मध्ये शीर्षओळ द्या आणि थेट पीडीएफ काढून मुख्य पीडीएफला शेवटी जोडा. अक्षर फार बारीक झाले तर ए3 वर छापून घडी घालता येते. संध्याकाळी बसलात तर जेवणाआधी होते.

दुकानात काय देऊ नये

रुग्णांची नावे, दवाखान्याचा नोंदणी क्रमांक, फोन नंबर. मास्टर चार्टमधून हे स्तंभ फाइल घराबाहेर जाण्याआधीच काढा आणि त्याजागी 1, 2, 3 असे अनुक्रमांक घाला. नीतिसमितीपुढे गोपनीयतेची हमी तुम्ही दिलेली आहे, दुकानदाराने नाही. पेनड्राइव्हवरून त्यांच्या संगणकावर उतरवलेली फाइल काम झाल्यावर तुमच्यासमोर पुसायला लावा, रीसायकल बिनमधूनसुद्धा.

आकडे पुन्हा टाइप करू देऊ नका. कॉपी करून आणलेला आकडा चुकत नाही. टाइप केलेला चुकतो, आणि 36 चे 63 झालेले तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांना दिसते. काम परत आले की मूळ आउटपुट शेजारी ठेवून एकाने वाचावे, दुसऱ्याने पाहावे. रूममेटकडून ही मदत हक्काने मागा.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीत ‘साम्य’ कमी दिसावे म्हणून तक्ता चित्र करून चिकटवू असे कोणी सुचवले तर साफ नाही म्हणा. त्याने तक्ता दुरुस्त करता येत नाही, धूसर छापतो आणि हेतूवर संशय येतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि संदर्भसूची, अनुक्रमणिका, श्रेयासह दिलेली अवतरणे मोजणीतून वगळलेली आहेत. तुमचा स्वतःचा विदा मांडणाऱ्या तक्त्याला लपण्याचे कारणच नाही. त्याच दुकानात ‘निष्कर्षही लिहून देतो’ असे ऐकू आले तर मात्र पावती न घेता बाहेर पडा. मांडणीला पैसे देणे रास्त आहे. निष्कर्ष विकत घेतल्याने पदवी जाऊ शकते.

पावती, तक्रार, छपाई

अर्धे पैसे आधी, अर्धे एफ9 ची परीक्षा पास झाल्यावर. व्हॉट्सअॅपवर तरी एवढे लिहून घ्या: तक्त्यांची संख्या, तारीख, दोन दुरुस्त्या दरात धरल्या आहेत, आणि वर्ड व पीडीएफ दोन्ही फाइली मिळतील. फक्त पीडीएफ देणाऱ्याकडे पुढच्या प्रत्येक स्वल्पविरामासाठी परत जावे लागते.

बोलणे फिसकटले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अशा रकमेसाठी तिथवर जायची वेळ क्वचित येते, पण लेखी बोलणे हाताशी असले की दुकानातच तोडगा निघतो.

छपाईला कधीही वर्डची फाइल नेऊ नका. दुकानातल्या संगणकावर वर्डची आवृत्ती वेगळी, फॉन्ट वेगळे. तुमचे 147 मिमी तिथे 152 होतात आणि शेवटचा स्तंभ कापला जातो. पीडीएफच न्या. जास्त प्रती काढायच्या असतील तर अॅव्हेन्यू रोड आणि सुलतानपेटेच्या छपाईवाल्यांचाही भाव विचारून पाहा, जे. पी. नगरहून ग्रीन लाइनने चिकपेटेला उतरले की गाडी न बदलता पोचता येते. कुठेही गेलात तरी आधी एकच पान छापून मागा, सर्वांत रुंद तक्त्याचे, आणि ते बांधणीच्या बाजूने चिमटीत धरून पहिला स्तंभ वाचता येतो का ते पाहा. येत असेल तर बाकीच्या पानांची ऑर्डर द्या.